अहो, तुमचं दार उघडं आहे!

वेबसाइटमधली भोकं शोधायची, मालकाला गुपचूप कळवायची आणि त्याबद्दल बक्षीस घ्यायचं. ऐकायला एकदम कूल वाटणारा हा फंडा प्रत्यक्षात मात्र बराच डोक्याला शॉट आहे. आणि त्या भोकात तुमचाच कागद अडकलेला असेल तर?

सोलापूर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? चादरी, शेंगदाण्याची चटणी, सिद्धेश्वराची यात्रा आणि मे महिन्यातलं ऊन. २०२१ च्या जूनमध्ये या यादीत एक भलतीच एन्ट्री झाली. मयूर फरताडे या सोलापूरच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला फेसबुकने ३० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण २२ लाख रुपये दिले. नोकरी नाही, स्टार्टअप नाही, लॉटरी तर नाहीच नाही. त्याने इन्स्टाग्राममधली एक चूक शोधली होती. समोरच्याचं अकाउंट प्रायव्हेट आहे, तुम्ही त्याला फॉलोही करत नाही, तरी पोस्टचा आयडी मिळाला तर त्याचे फोटो, स्टोरीज आणि रील्स बघता येत होते. १६ एप्रिलला त्याने ही गोष्ट कंपनीला कळवली, १५ जूनपर्यंत ती दुरुस्त झाली आणि मग त्याने ती जगाला सांगितली.

हा क्रम जरा लक्षात ठेवा. आधी कंपनी, मग दुरुस्ती, मग जग. सगळी मेख त्यातच आहे.

ही बातमी आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी सातला येऊन पडली. 'गुड मॉर्निंग'च्या गुलाबांमध्ये. मावशीने लगेच तिच्या चिरंजीवांना टॅग केलं, 'तू पण रात्रभर हेच करत बसतोस ना? मग तुझे बावीस लाख कुठायत?' चिरंजीवांनी फक्त हात जोडल्याची इमोजी टाकली.

हा माझा मावसभाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान. दिवसा हिंजवडीत टेस्टिंगची नोकरी आणि रात्री बग शोधायचा छंद. त्याची आजवरची कमाई म्हणजे दोन टी-शर्ट, एक लॅपटॉपची बॅग, काही 'थँक यू' मेल आणि मधूनच कधीतरी शंभर-दोनशे डॉलर. मी फ्रीलान्स पत्रकार. माझी कमाईही काहीशी याच धर्तीची असल्यामुळे आमचं जाम जमतं. काम आधी करायचं, पैसे नंतर. आणि तेसुद्धा कदाचित!

आधी फंडा समजून घेऊ

याला म्हणतात बग बाउंटी. कंपनी जाहीर करते, 'आमच्या या या वेबसाइट आणि अॅपमध्ये सुरक्षेची चूक शोधा, आम्हाला सांगा, चूक जेवढी गंभीर तेवढं बक्षीस घ्या.' कल्पना नवी नाही. नेटस्केप आठवतो? (नसेल आठवत तर तुम्ही नशीबवान, तुमचं वय कमी आहे.) इंटरनेटच्या बालपणातला हा सगळ्यात गाजलेला ब्राउझर. त्या कंपनीने १९९५ मध्ये आपल्या नव्या आवृत्तीतल्या चुका शोधणाऱ्यांना बक्षीस जाहीर केलं. मोझिलाने २००४ मध्ये ५०० डॉलर ठेवले. गूगल २०१० मध्ये उतरलं, फेसबुक २०११ मध्ये. मग हॅकरवन आणि बगक्राउड यांच्यासारखी मधली दुकानं आली. एका बाजूला कंपन्या, दुसऱ्या बाजूला जगभरचे हॅकर. २०१६ मध्ये तर खुद्द अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 'या, पेंटॅगॉन हॅक करा' असं बोलावणं धाडलं. चौदाशेहून जास्त जणांनी नावं नोंदवली आणि १३८ खऱ्या चुका सापडल्या. २०१९ मध्ये सान्तियागो लोपेझ हा अर्जेंटिनाचा एकोणीस वर्षांचा मुलगा हॅकरवनवर दहा लाख डॉलरच्या वर कमावणारा पहिला हॅकर ठरला.

आपली मंडळीही मागे नाहीत. बंगळुरूच्या आनंद प्रकाशची गोष्ट माझी सगळ्यात आवडती, कारण ती माझ्यासारख्या मास कॉमवालीलाही समजते. फेसबुकचा पासवर्ड विसरलात की मोबाइलवर सहा आकडी कोड येतो. सहा आकडी म्हणजे फक्त दहा लाख शक्यता. माणसाला जन्म पुरणार नाही, कॉम्प्युटरला मात्र हा पोरखेळ. म्हणून दहा-बारा वेळा चुकलात की फेसबुक दार लावून घेतं. आनंदच्या लक्षात आलं की मुख्य साइटवर हे दार लागतं, पण फेसबुकच्याच चाचणीसाठी ठेवलेल्या बीटा साइटवर लागतच नाही! म्हणजे एकामागून एक आकडे टाकत बसलं तर कुणाच्याही खात्यात शिरता आलं असतं. त्याने काय केलं? फक्त स्वतःच्या खात्यावर हे करून पाहिलं आणि २२ फेब्रुवारी २०१६ ला कळवलं. दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती झाली. बक्षीस १५ हजार डॉलर.

दिल्लीच्या भावुक जैनला २०२० मध्ये अॅपलने एक लाख डॉलर दिले. 'साइन इन विथ अॅपल' या सोयीतली चूक होती ती.

पण ग्रुपवर फॉरवर्ड होतात ते हे आकडे. न मिळालेल्या पैशांच्या बातम्या होत नाहीत. मावसभाऊ सांगतो, या धंद्यात सगळ्यात जास्त दिसणारा शब्द 'बाउंटी' नाही, 'डुप्लिकेट' आहे. तुम्ही चार रात्री जागून चूक शोधता, मुद्देसूद रिपोर्ट लिहिता आणि उत्तर येतं, 'धन्यवाद, हे आम्हाला आधीच कुणीतरी कळवलंय.' पैसे पहिल्याला. दुसऱ्याला नमस्कार. मला हे ऐकून एकदम घरच्यासारखं वाटलं. 'विषय छान आहे, पण कालच दुसऱ्या एकाने दिला' हे वाक्य मी महिन्यातून दोनदा तरी ऐकते.

आणि काही ठिकाणी तर बक्षीस म्हणजे निव्वळ विनोद. नेदरलँड्सचं सरकार आपल्या यंत्रणेतली चूक दाखवणाऱ्याला टी-शर्ट देतं. त्यावर लिहिलेलं असतं, की मी डच सरकार हॅक केलं आणि मला मिळाला काय, तर हा फडतूस टी-शर्ट! मावसभावाच्या मते जगातला सगळ्यात भारी टी-शर्ट तो हाच.

चपलांचा स्टँड

आता मूळ गोष्टीकडे येऊ. म्हणजे माझ्या.

मागच्या वर्षी एका रविवारी या साहेबांनी फॅमिली ग्रुपवर एक साधासा प्रश्न टाकला. एका मोठ्या लॅबचं नाव लिहून विचारलं, 'कुणी इथे अलीकडे ब्लड टेस्ट वगैरे केलीय का?' (लॅबचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.) ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. मीही नाही.

मी मात्र केली होती. ब्लड टेस्ट नव्हे. छातीत एक गाठ हाताला लागली होती. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली, तिचा रिपोर्ट त्याच लॅबमधून आला होता. ही गोष्ट मी, माझी रूममेट आणि डॉक्टर, अशा तिघींनाच माहीत होती. आईला सांगितलं असतं तर ती पुढच्या एसटीने साताऱ्याहून स्वारगेटला उतरली असती, हातात डब्यांची पिशवी आणि चेहऱ्यावर 'तरी मी सांगत होते' घेऊन. तिला सांगायचं होतंच. पण माझ्या वेळेने, माझ्या तोंडून.

मी त्याला वेगळा मेसेज केला, 'का विचारतोयस?'

त्याचं उत्तर असं. त्याने तिथे व्हिटॅमिन डी तपासलं होतं (हिंजवडीतल्या तमाम जनतेप्रमाणे कमी निघालं), त्याच सकाळी मावशीने थायरॉइड. दोघांचे रिपोर्ट त्याच्याच लॉगिनला आले. रिपोर्ट उघडला की वर ब्राउझरच्या पट्टीत एक नंबर दिसायचा, आणि त्या दोघांचे नंबर लागोपाठचे होते. त्याचा संपला की मावशीचा सुरू.

'मग काय झालं?' मी विचारलं.

'ताई, देवळाबाहेर चपलांचा स्टँड असतो ना? तुला टोकन मिळतं सत्तेचाळीस. आता समज, तू टोकन न दाखवता नुसतं "अठ्ठेचाळीस" म्हणालीस आणि त्या माणसाने मान वर न करता अठ्ठेचाळीसच्या चपला काढून दिल्या. तसं इथे होत असणार. तू लॉगिन केलंयस एवढंच साइट बघते. मागतेयस तो रिपोर्ट तुझा आहे का, हे बघतच नाही.'

वेबसाइटच्या दुनियेत ही चूक इतकी कॉमन आहे, की सुरक्षेचे निकष ठरवणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने २०२१ च्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत या जातीच्या चुकांना पहिला नंबर दिला होता. कुणाला काय बघायचा अधिकार आहे, हे न तपासणं. बस, एवढंच. त्यासाठी ना काळा हूडी लागतो, ना सिनेमातल्यासारखी हिरवी अक्षरं. एक नंबर बदलायचा.

पण 'होत असणार' हा पुरावा नव्हे. मावशीचा रिपोर्ट त्याच्याच लॉगिनमधला, त्यामुळे तो उघडला तरी काही सिद्ध होत नव्हतं. त्याला वेगळ्या लॉगिनचा रिपोर्ट हवा होता आणि त्या माणसाची परवानगी हवी होती. अनोळखी माणसाचा नंबर टाकून बघणं त्याच्या नियमात बसत नव्हतं.

'माझा आहे,' मी टाइप केलं. मग बराच वेळ फोनकडे बघत बसले.

'ताई, मला तो उघडावा लागेल. चालेल का?'

'म्हणजे काय आहे ते तुला दिसणार.'

'पहिलं पान दिसेल. तुझं नाव दिसलं की बंद करीन. वाचणार नाही. आणि हो, परवानगी मेलवर लिहून दे.'

ज्या मुलाने आजवर माझी अॅक्टिव्हा एकदाही विचारून नेलेली नाही, तो मला लेखी परवानगी मागत होता! मी मेल लिहिला.

संध्याकाळी तो घरी आला. स्वतःच्या लॉगिनने साइट उघडली आणि शेवटचा नंबर काढून माझा टाकला. दोन सेकंद गोल गोल फिरलं आणि समोर पीडीएफ. माझं नाव. माझं वय. माझा मोबाइल नंबर. डॉक्टरांचं नाव. त्याखाली ठळक अक्षरांत तपासणी कसली ते. एवढं दिसेपर्यंत त्याने स्क्रीनशॉट घेऊन खिडकी बंदही केली होती. मग माझ्यासमोरच त्या चित्रावर काळे पट्टे ओढले, माझ्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं ठेवलं. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, 'पाणी देतेस का?'

माझ्यातला पत्रकार तोवर जागा झाला होता. मी म्हटलं, 'एकच? निदान आठ-दहा तरी बघायला हवेत ना, किती मोठा घोळ आहे ते कळायला?'

'एक उघडला म्हणजे सगळे उघडतात. दुसरा बघायची गरजच नाही. दुसरा बघितला ना, तर मी शोधणारा राहत नाही, डोकावणारा होतो.'

'रिस्पॉन्सिबल डिस्क्लोजर' या जडजंबाळ शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. किती शोधलंत हे महत्त्वाचं नाहीच. कुठे थांबलात ते महत्त्वाचं.

कळवायचं कुणाला?

रिपोर्ट पाऊण पानाचा होता. चूक काय, ती कशी दिसते, तिने कुणाचं काय बिघडू शकतं, दुरुस्ती कशी करता येईल. शेवटी एक ओळ, की मी संमती दिलेल्या एकाच व्यक्तीचा रिपोर्ट उघडला, काहीही साठवलेलं नाही, तुमची दुरुस्ती होईपर्यंत मी हे कुठेही जाहीर करणार नाही. पैशांचा उल्लेखसुद्धा नाही. जिथे कंपनीने बक्षीस जाहीर केलेलं नाही, तिथे ते मागायचं नाही, हा त्याचा दुसरा नियम.

आता हा कागद पाठवायचा कुठे? समंजस कंपन्या आपल्या साइटवर 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' नावाची छोटीशी फाइल ठेवतात. चूक सापडली तर या पत्त्यावर कळवा, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. २०२२ पासून या फाइलचं ठरलेलं मानकही आहे. या लॅबकडे ते काही नव्हतं. होता फक्त कस्टमर केअर. त्यांचं उत्तर तत्परतेने आलं, 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. रिपोर्टची हार्ड कॉपी हवी असल्यास जवळच्या शाखेशी संपर्क साधावा.'

हसू नका. पुढे वाचा.

त्याने वरच्या एका साहेबांचा मेल शोधून पुन्हा पाठवलं. सहाव्या दिवशी उत्तर आलं ते लीगल डिपार्टमेंटचं. आपण आमच्या यंत्रणेत विनापरवाना प्रवेश केला असून योग्य ती कायदेशीर कारवाई करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत, वगैरे वगैरे. मावशीचं तर अवसानच गळालं. 'पोलीस येतील का रे घरी?' हे ती दिवसातून तीनदा विचारायची. इतके दिवस मुलाचे बावीस लाख कुठायत हे विचारणारी हीच माझी मावशी!

घाबरण्यासारखं होतं का? खरं सांगायचं तर थोडंफार होतं. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. त्याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर यंत्रणेत शिरणं, त्यातला डेटा उतरवून घेणं यासाठी भरपाई मागता येते. हेच काम अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ लागतं. मग तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'अप्रामाणिकपणे किंवा कपटाने' हे शब्द चांगल्या हेतूच्या माणसाच्या बाजूने आहेत. पण तो हेतू सिद्ध करेपर्यंत वकिलाची फी कोण भरणार? अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये जाहीर केलं, की चांगल्या हेतूने सुरक्षेचं संशोधन करणाऱ्यांवर हॅकिंगच्या कायद्याखाली खटले भरायचे नाहीत. आपल्या कायद्यात अशा संशोधकासाठी वेगळं संरक्षण नाही. म्हणूनच शहाणे हॅकर जाहीर कार्यक्रमाच्या चौकटीत राहतात. तिथे कंपनी स्वतःच लिहून देते, की नियम पाळलेत तर आम्ही कोर्टात खेचणार नाही.

पण आपल्याकडे एक दार आहे, आणि ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं. सर्ट-इन. केंद्र सरकारची २००४ पासून चालणारी सायबर सुरक्षेची यंत्रणा. कंपनी ऐकत नसेल तर चूक त्यांना मेलने कळवता येते आणि ते मध्यस्थ म्हणून कंपनीशी बोलतात. मावसभावाने तोच पाऊण पानाचा रिपोर्ट, झालेला पत्रव्यवहार आणि माझ्या परवानगीचा मेल तिकडे पाठवला. आणि आम्ही वाट बघत बसलो.

स्कूप हातात, तोंडाला कुलूप

या वाट बघण्याबद्दल मला जास्त सांगायचंय.

माझ्या हातात बातमी होती. साधीसुधी नाही, पहिल्या पानाची! नामांकित लॅब, हजारो पेशंट, कुणाचाही रिपोर्ट कुणीही बघावा, वर कळवणाऱ्यालाच नोटिशीची धमकी. फ्रीलान्सरच्या आयुष्यात अशी बातमी वर्षातून एकदाही येत नाही. त्या महिन्यात माझी दोन पेमेंट्स अडकली होती आणि घरभाड्याची तारीख मात्र कधीच अडकत नाही. एका संपादकांना मी मोघम विचारलंही, 'अशी अशी एक गोष्ट असेल तर?' ते म्हणाले, 'आज संध्याकाळी दे.'

दिली नाही. कारण ती छापून येताच चपलांच्या स्टँडवर झुंबड उडाली असती. लॅबचं नाव घालून लिहिलं तर सरळच, न घालता लिहिलं तरी दोन तासांत कुणीतरी ओळखलं असतं. आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या रांगेत माझी एक जोडी होतीच. पण नुसती माझी नाही. कुणाची प्रेग्नन्सी टेस्ट, कुणाची एचआयव्हीची, कुणाच्या बाबांची, ज्यांना घरच्यांनी अजून आजाराचं नाव सांगितलेलं नाही. त्या सगळ्यांनी काही कुणाला मेलवर परवानगी दिलेली नव्हती.

मात्र कायम गप्प बसायचं, असाही याचा अर्थ नाही. गूगलची 'प्रोजेक्ट झिरो' ही टीम चूक कळवल्यावर दुरुस्तीला ९० दिवस देते, आणि त्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर चूक जाहीर करते. कारण मुदतच नसेल तर काही कंपन्या हार्ड कॉपीच देत बसतील. आम्हीही मनाशी तीन महिने धरले होते.

आणि घाई केली की काय होतं याचंही उदाहरण आहे. २०१३ मध्ये खलील श्रेयातेह या पॅलेस्टिनी तरुणाने फेसबुकला कळवलं, की मित्र नसलेल्या माणसाच्या भिंतीवरही पोस्ट टाकता येतेय. उत्तर आलं, हा बग नाही. वैतागून त्याने थेट मार्क झुकरबर्गच्या भिंतीवरच पोस्ट टाकली. मग मात्र मिनिटांत फोन हलले! पण दुसऱ्याच्या खात्यावर प्रयोग केला म्हणून फेसबुकने बक्षीस नाकारलं. शेवटी जगभरच्या हॅकरांनी वर्गणी काढून त्याला दहा हजार डॉलरहून जास्त रक्कम दिली. माझी सहानुभूती आजही खलीलकडे आहे. ऐकूनच न घेणाऱ्याने नंतर नियम दाखवणं म्हणजे जरा जास्तच.

पाचव्या आठवड्यात एका रात्री मावसभावाचा मेसेज आला. फक्त एक स्क्रीनशॉट. स्वतःच्या लॉगिनमधून माझा नंबर टाकला (पुन्हा विचारून!) तर आता साइट म्हणत होती, 'हा रिपोर्ट पाहण्याचा आपल्याला अधिकार नाही.' त्या एका रुक्ष वाक्याने मला जेवढं बरं वाटलं, तेवढं बायोप्सीच्या रिपोर्टनंतर पहिल्यांदाच. हो, गाठ साधी होती, निरुपद्रवी. फायब्रोअॅडिनोमा म्हणतात. त्या शनिवारी मी साताऱ्याला गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग चिडली, मग तिने थालीपीठं लावली. माझी बातमी मीच फोडली. प्रायव्हसी म्हणजे आणखी काय असतं?

आणि मावसभावाला बक्षीस? मिळालं ना! लॅबकडून मेल आला. फुल बॉडी चेकअपवर वीस टक्के सूट.

बक्षीस की खंडणी?

आता नाण्याची दुसरी बाजू. कंपन्या संशयाने बघतात, त्यालाही कारणं आहेत.

२०१६ मध्ये उबरचा डेटा चोरीला गेला, ५ कोटी ७० लाख लोकांचा. चोरांनी पैसे मागितले आणि कंपनीने एक लाख डॉलर 'बग बाउंटी' म्हणून देऊन प्रकरण दडपलं. ते २०१७ मध्ये बाहेर आलं. तेव्हाचे सुरक्षाप्रमुख जो सुलिव्हन यांना २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ज्युरीने दोषी ठरवलं आणि २०२३ मध्ये तीन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली. डेटा आधी उचलायचा आणि मग पैसे मागायचे ही खंडणी. तिला बक्षिसाच्या पाकिटात घातलं म्हणून ती बक्षीस होत नाही.

त्याहून खालच्या पातळीवर नुसता वैताग. कुठलं तरी फुकटचं टूल चालवायचं, ते जे ओकेल ते उचलून छोट्या कंपनीला मेल करायचा, 'सर, गंभीर धोका सापडलाय, बक्षीस किती देणार ते आधी सांगा.' या प्रकाराला त्या जगात 'बेग बाउंटी' म्हणतात, म्हणजे सरळसरळ भीक. आणि आता त्यात एआयची भर. जगभरच्या असंख्य उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या 'कर्ल' या फुकट सॉफ्टवेअरचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग २०२५ मध्ये जाहीरपणे वैतागले होते. एआयकडून लिहून घेतलेले, दिसायला झकास आणि आत काहीच नसलेले रिपोर्ट वाचण्यातच त्यांच्या लोकांचा वेळ जात होता. अशा शंभर मेलच्या ढिगात एखादा खरा पाऊण पानाचा रिपोर्ट आला, तर तो कस्टमर केअरच्या हार्ड कॉपीत हरवणारच.

पण हरवून चालणार नाही. सरकारचंच बघा. 'आरोग्य सेतू'वर टीकेची झोड उठल्यावर मे २०२० मध्ये अॅपचा कोड खुला केला गेला आणि चुका दाखवणाऱ्यांना एक-एक लाखापर्यंत बक्षीस जाहीर झालं. २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. डेटा नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला त्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच्यासमोर एखाद्या पोराला दिलेले पंचवीस-पन्नास हजार म्हणजे चहापाणी.

तुम्ही यातले हॅकर व्हाल की नाही, मला ठाऊक नाही. व्हायचं असेल तर बावीस लाखांच्या फॉरवर्डवर जाऊ नका. जिथे बोलावणं आहे तिथेच शोधा, स्वतःच्या खात्यावर करून बघा, पुरावा मिळाला की थांबा आणि नोकरी सोडू नका. पण तुमच्यापैकी बरेच जण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसता. एखाद्या बँकेत, हॉस्पिटलमध्ये, कॉलेजात, इन्शुरन्स कंपनीत. तुमच्याकडेही एखाद्या रात्री कुणा अनोळखी मुलाचा मेल येईल, इंग्रजी थोडं मोडकं, सूर थोडा आगाऊ. तो लीगलकडे ढकलण्याआधी एकदा नीट वाचा. आणि सोमवारी ऑफिसला गेलात की फक्त एक प्रश्न विचारा, 'आपल्या साइटचं दार उघडं राहिलं तर लोकांनी कळवायचं कुणाला?' सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर समजा, पहिला बग तुम्हालाच सापडला. बक्षीस बॉसकडे मागा!